पासवर्ड बरोबर असतो, नाव चुकतं

चिंचणीच्या एका डायमेकर काकांचा फोन आला तेव्हा मी बोईसर स्टेशनच्या पुलावर होतो. "अहो, लाईट येऊन दोन तास झाले, पण डिझाइनची पेटी काही उघडत नाही. नवा लॅपटॉप पासवर्ड मागतोय. टाकला की म्हणतो चुकीचा. माझ्याच घरात मला चोर ठरवलं बघा यांनी!"

चिंचणी, वरोर, तारापूर या किनारपट्टीवर डायचा धंदा घराघरात आहे. सोन्याचांदीच्या दागिन्यांवर नक्षी उठवायला लागणारे पोलादी साचे म्हणजे डाय. पूर्वी सगळं हाताने, छिन्नीने कोरायचे. आता डिझाइन संगणकावर होतं आणि मशीन कोरतं, त्यामुळे वीस वर्षांची नक्षी एका डबीत जमा झालेली असते. ही डबी म्हणजे नास. आत दोन हार्डडिस्क, मागे लॅनची एक वायर, ना स्क्रीन ना कीबोर्ड. काका तिला पेटीच म्हणतात आणि मला तो शब्द आवडतो, म्हणून या लेखातही पेटीच म्हणतो. तुमच्याकडे पेटी नसेल, टेबलाखालचा एखादा जुना पीसीच 'सर्व्हर' असेल आणि त्यावर टॅलीचा डेटा असेल, तरी पुढचं सगळं तुम्हालाही लागू आहे.

काकांच्या घरी जाऊन पाहिलं. जुना संगणक पेटी बिनबोभाट उघडत होता. नवा लॅपटॉप त्याच राउटरला, त्याच खोलीत, आणि तरी अडकलेला. काका पासवर्डाच्या चौकटीत काय टाकत होते? लॅपटॉप उघडताना टाकतात तो चार आकडी पिन. आणि नावाच्या जागी? तिथे लॅपटॉपने स्वतःहून भरलेला ईमेल पत्ता. पेटीला हा ईमेल ठाऊक नाही आणि पिनही ठाऊक नाही. तिच्या वहीत काकांचं आडनाव इंग्रजीत लिहिलेलं आहे, आठ अक्षरांचं, पाच वर्षांपूर्वी टाकलेलं.

"पण जुना कधी विचारतच नाही!" काका म्हणाले. तो विचारत नाही याचं कारण निव्वळ योगायोग. जुन्या संगणकावर खातं उघडताना काकांनी तेच आडनाव आणि तोच पासवर्ड ठेवला होता. विंडोज नेटवर्कवरच्या कोणत्याही फोल्डरकडे जाताना तुम्हाला न विचारता आधी स्वतःचंच नाव पुढे करतो, म्हणजे ज्या खात्याने तुम्ही संगणक उघडला ते. दोन्हीकडे नाव आणि पासवर्ड एकच असले की दार मुकाट्याने उघडतं. वर्षानुवर्षं आपल्याला वाटतं की लॉगिन लागतच नाही. मग नवा लॅपटॉप येतो, दुकानदार मायक्रोसॉफ्टच्या ईमेल खात्यावर तो सुरू करून देतो आणि योगायोग संपतो.

म्हणून या कामात मी पहिला प्रश्न 'पासवर्ड काय आहे' असा विचारत नाही. हा संगणक कोणाच्या नावाने जातोय, आणि कोणाच्या दारावर? इतकंच विचारतो. बोईसर-पालघरच्या घरांत आणि गाळ्यांत जितकी दुखणी पाहिली, त्यातली बहुतेक या दोन प्रश्नांतच सापडली. लोक मात्र पासवर्ड बदलत सुटतात. पेटीवर एकदा बदलला की जे दोन-तीन संगणक चालत होते तेही बंद पडतात आणि गुंता वाढतो. तेव्हा एक विनंती: बाकीचं काहीही करा, पण पहिल्या तासात पासवर्ड बदलू नका.

आधी स्क्रीनवरचा निरोप नीट वाचा. सगळे निरोप एका जातीचे नसतात. 'नेटवर्क पाथ वॉज नॉट फाउंड' आणि शेवटी ८००७००३५ असा आकडा आला, तर तुम्ही अजून दारापर्यंत पोचलेलेच नाही. पासवर्डाचा संबंध नाही. 'युजरनेम ऑर पासवर्ड इज इनकरेक्ट' आला तर दार सापडलं आहे, भांडण नावाचं आहे. 'ॲक्सेस डिनाइड' किंवा तुम्हाला परवानगी नाही अशा अर्थाचं काही आलं, तर बहुतेक वेळा नावही पटलंय, पण त्या नावाला त्या खोलीत जाण्याची मुभा नाही. आणि 'ऑर्गनायझेशन्स सिक्युरिटी पॉलिसीज' असं काहीतरी भारदस्त आलं, तर घाबरू नका, तुमची कुठली ऑर्गनायझेशन नसली तरी ते येतं. त्याबद्दल पुढे सांगतो. जो निरोप येईल त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. 'काहीतरी एरर येतोय' एवढ्यावर फोनवरून निदान करणं म्हणजे 'पोटात कसंतरी होतंय' यावर औषध देणं.

रस्ता तपासायला अगदी साधी युक्ती आहे. फाइल एक्स्प्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेषा देऊन पेटीचं नाव न लिहिता तिचा आकडी पत्ता लिहा, म्हणजे \\१९२.१६८.१.२० असा काहीतरी, अर्थात इंग्रजी अंकांत. तुमचा खरा पत्ता राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांच्या यादीत दिसेल. आकड्याने उघडलं आणि नावाने नाही, तर फक्त नावाचा पत्ता लागत नाहीये, लॉगिन ठीक आहे. डाव्या बाजूच्या 'नेटवर्क' यादीत पेटी दिसत नाही म्हणून तर अजिबात हातपाय गाळू नका. ती यादी जुन्या व्यवस्थेवर चालायची, ती व्यवस्था मायक्रोसॉफ्टने काढून टाकली, आणि न दिसणारी पेटीसुद्धा पत्ता टाकल्यावर झक्क उघडते. आकड्यानेही नाही उघडलं तर वायर, वायफाय आणि नेटवर्क 'पब्लिक' आहे की 'प्रायव्हेट' एवढं बघा. घरचं वायफाय चुकून पब्लिक ठरलं असेल तर त्या संगणकावरचे फोल्डर इतरांना दिसत नाहीत. किनाऱ्यालगत असाल तर लॅनच्या टोकाचे आठ तांब्याचे दातही बघा. सातपाटी, केळवे, चिंचणी, सगळीकडे खारी हवा आहे. दोन पावसाळ्यांत ते हिरवट पडतात. टोक कापून नवं बसवायला पाच मिनिटं लागतात.

रस्ता ठीक आहे असं धरू आणि खऱ्या भांडणाकडे येऊ.

विंडोजला एक खोड आहे. एकदा कोणत्या नावाने कुठे गेला ते तो लक्षात ठेवतो आणि विचारल्याशिवाय पुन्हा तेच वापरतो. तुम्ही मागच्या दिवाळीत चुकीचा पासवर्ड टाकून 'रिमेंबर' वर टिक केली असेल, तर आजही तोच तुमच्या वतीने टाकला जातोय. ही वही कंट्रोल पॅनलमध्ये 'क्रेडेन्शियल मॅनेजर' या नावाने असते. ती उघडा, त्यात 'विंडोज क्रेडेन्शियल्स' वर जा आणि पेटीच्या नावाची किंवा तिच्या आकडी पत्त्याची जी काही ओळ असेल ती काढून टाका. दोन्ही असल्या तर दोन्ही काढा. नाव आणि आकडा हे विंडोजच्या लेखी दोन वेगळे सर्व्हर असतात, हे लक्षात असू द्या. नावासाठी साठवलेला पासवर्ड आकड्याने गेलात तर वापरला जात नाही.

वही कोरी झाली की संगणक पूर्ण साइन आउट करून पुन्हा उघडा. ही पायरी लोक हमखास गाळतात. कारण विंडोजची दुसरी खोड: एका सर्व्हरकडे एका वेळी एकाच नावाने जाता येतं. मघाशी पाहुणा म्हणून आत डोकावला असाल आणि आता खऱ्या नावाने जायला बघाल, तर तो १२१९ क्रमांकाची तक्रार करतो की या सर्व्हरशी दुसऱ्या नावाने आधीच संबंध जोडलेला आहे. पुष्कळदा हा संबंध एखाद्या मॅप केलेल्या ड्राइव्हमुळे असतो, झेड किंवा वाय अक्षराचा, जो कोणीतरी कधीतरी करून ठेवलेला आणि विसरलेला. काळ्या चौकटीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, 'नेट यूज' हे दोन शब्द इंग्रजीत लिहून एंटर दाबा. चालू असलेले सगळे संबंध यादीत येतील. नको असलेला ड्राइव्ह एक्स्प्लोररमध्ये उजवी क्लिक करून तोडा.

आता नवी ओळ लिहा, तीही हाताने. क्रेडेन्शियल मॅनेजरमध्येच 'ॲड अ विंडोज क्रेडेन्शियल' आहे. पत्त्याच्या जागी तुम्ही पेटी ज्या नावाने उघडणार नेमकं तेच. युजरनेमच्या जागी नुसतं आडनाव नको. पेटीचं नाव, मग एक उलटी तिरपी रेषा, मग पेटीवरचं खातं. काकांच्या पेटीचं नाव 'डायघर' धरलं तर 'डायघर\आडनाव' असं, सगळं इंग्रजी अक्षरांत. हे का? नुसतं नाव दिलं की काही वेळा विंडोज ते आपल्याच संगणकाचं नाव मानून पुढे पाठवतो, म्हणजे 'या लॅपटॉपवरचा अमुक'. पेटी म्हणते, मी या लॅपटॉपवरच्या कोणाला ओळखत नाही. पुढे पेटीचं नाव जोडलं की अर्थ होतो 'तुझ्याच घरचा अमुक'. आपल्याकडे गावात शिरल्यावर विचारतात ना, कोणाकडचे? तसंच हे. बोईसरच्या एका कर सल्लागाराच्या ऑफिसात तिघांचा अर्धा दिवस गेला होता आणि उत्तर होतं ही एक तिरपी रेषा.

ड्राइव्ह मॅप करताना 'कनेक्ट युजिंग डिफरंट क्रेडेन्शियल्स' अशी एक छोटी टिक असते. नव्या लॅपटॉपवर ती कराच. ती न केल्यास तो परत स्वतःचा ईमेल पुढे करतो आणि तुम्ही परत पहिल्या घरात. सकाळी लॅपटॉप उघडल्यावर मॅप केलेल्या ड्राइव्हवर लाल फुली दिसते आणि डबल क्लिक केल्यावर उघडतो, अशी तक्रार असेल तर तो लॉगिनचा दोष नाही. वायफाय जोडलं जाण्याआधीच विंडोजने हजेरी घेतलेली असते.

पिनचं एकदा स्पष्ट सांगून टाकतो, कारण हा गोंधळ सर्वांत जास्त. पिन फक्त त्या एका लॅपटॉपचा असतो. तो त्याच यंत्रात राहतो, नेटवर्कवर कुठेही चालत नाही. बोट किंवा चेहरा दाखवून उघडणाऱ्यांचंही तेच. त्यामुळे टेबलाखालचा सर्व्हर विंडोजचा असेल आणि त्यावर मायक्रोसॉफ्टचं ईमेल खातं असेल, तर दुसऱ्या संगणकावरून जाताना नाव म्हणून तो पूर्ण ईमेल आणि पासवर्ड म्हणून त्या ईमेल खात्याचा पासवर्ड लागतो, जो घरातल्या कोणालाच आठवत नसतो. तो शोधत बसू नका. त्याहून सोपा आणि माझ्या मते कायमचा उपाय म्हणजे सर्व्हर असलेल्या पीसीवर फक्त फायलींसाठी एक वेगळं स्थानिक खातं काढणं. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, त्यात अदर युजर्स, मग ॲड अकाउंट. तो ईमेल मागेल. त्याखालची 'माझ्याकडे या व्यक्तीची माहिती नाही' अशा अर्थाची ओळ निवडा आणि पुढच्या पानावर मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय युजर जोडण्याची. नाव छोटं, इंग्रजीत, मोकळी जागा न सोडता. पासवर्ड रिकामा ठेवू नका. रिकाम्या पासवर्डाचं खातं विंडोज फक्त समोर बसलेल्या माणसाला उघडू देतो, नेटवर्कवरून नाही, आणि तेव्हाही नियमावर बोट ठेवून नकार देतो, पासवर्ड चुकला असं सरळ सांगत नाही. हे सगळं विंडोज होममध्येही होतं. प्रो घेण्याची गरज नाही, कोणी काही सांगो.

खातं काढल्यावर फोल्डरला दोन कुलपं असतात हे विसरू नका. फोल्डरवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'शेअरिंग' हे एक आणि 'सिक्युरिटी' हे दुसरं. शेअरिंगमध्ये नव्या खात्याला परवानगी दिली आणि सिक्युरिटीत त्याचं नावच नाही, तर दार उघडेल, फोल्डरचं नाव दिसेल आणि आत पाऊल टाकताच 'ॲक्सेस डिनाइड'. दोन्हीपैकी जे जास्त कडक ते लागू होतं. टॅलीचा डेटा असेल तर नुसतं वाचण्याची परवानगी पुरत नाही, लिहिण्याचीही लागते.

आता त्या 'सिक्युरिटी पॉलिसीज'कडे. पूर्वी अनेक ऑफिसांत शेअर केलेला फोल्डर 'एव्हरीवन'ला खुला असायचा. कोणी नाव विचारत नसे. अनोळखी नावाला पाहुणा समजून आत घ्यायचं अशी सोय पेट्यांमध्येही असते, कधी मूळ सेटिंगमध्येच. मायक्रोसॉफ्टने हा पाहुणचार हळूहळू बंद केला: २०१७ पासून मोठ्या कंपन्यांच्या आवृत्तीत, आणि विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून प्रोमध्येसुद्धा. होमवर अजून तो चालून जातो. म्हणून एकाच घरात होमचा लॅपटॉप पेटी उघडतो, प्रोचा पीसी उघडत नाही, आणि लोकांना वाटतं महागडा संगणकच बिघडलेला. २४एच२ मध्ये प्रो आणखी एक मागणी करतो, डेटाच्या प्रत्येक पाकिटावर सही असावी अशी. पाहुण्याकडे सहीच नसते, त्यामुळे तिथेही तो अडतो. इंटरनेटवर या पॉलिसी परत सैल करण्याचे उपाय ढिगाने मिळतात. करू नका. पेटीवर एक खातं काढा, पासवर्ड द्या, त्या नावाने जा. दहा मिनिटांचं काम आहे.

पेटी फारच जुनी असेल तर मात्र खातं काढूनही जमत नाही, कारण दोघांची बोलीच वेगळी पडते. फायली वाटून घेण्याच्या या भाषेचं नाव एसएमबी. तिची पहिली आवृत्ती १९८० च्या दशकातली. विंडोजशिवायच्या यंत्रांनाही ही भाषा बोलता यावी म्हणून ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला एक प्रोग्राम लिहिला. त्याला आधी दिलेलं नाव दुसऱ्या कंपनीच्या हक्कात निघालं, तेव्हा त्यांनी संगणकाच्या शब्दसूचीत एस, एम आणि बी ही अक्षरं या क्रमाने येणारा शब्द शोधला आणि 'सांबा' मिळाला. आज बाजारातल्या बहुतेक पेट्यांच्या पोटात हाच सांबा आहे. त्याचीही पासवर्डांची वही स्वतंत्र असते, म्हणून पेटीच्या जागी घरीच लिनक्स टाकून सर्व्हर केलेल्या हौशी लोकांची गंमत होते: लिनक्सचं खातं उघडतं, पण सांबाच्या वहीत नाव चढवलेलंच नसतं.

तर ती पहिली आवृत्ती आता बंद आहे. विंडोज १० च्या २०१७ च्या शरदातल्या आवृत्तीपासून नव्या संगणकावर ती बसवलेलीच नसते, आणि सांबानेही २०१९ मध्ये ती मूळ सेटिंगमधून काढली. हा हट्ट कशासाठी, हे आपल्या राज्यात तरी विचारायला नको. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा उरणच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं मर्स्क समूहाकडचं टर्मिनल त्यात अडकलं. कंटेनरचं काम हातावर आलं. हा व्हायरस पसरला दोन वाटांनी: एक, एसएमबीच्या याच पहिल्या आवृत्तीतली भोकं, जी बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती, दुसरी, एका संगणकाच्या स्मृतीतले पासवर्ड उचलून त्याच नावाने शेजारच्या संगणकात शिरणं. कोणाच्या नावाने जातोय, हा प्रश्न तिथेही होताच, फक्त विचारायला कोणी नव्हतं.

तेव्हा यूट्यूबवरचा कोणी 'विंडोज फीचर्समध्ये जाऊन एसएमबी १ वर टिक करा, झालं काम' म्हणाला तर ऐकू नका. आधी पेटीच्या सेटिंगमध्ये जा. पाच-सात वर्षांपूर्वीच्या बऱ्याच पेट्यांना दुसरी-तिसरी आवृत्ती येते, फक्त ती चालू केलेली नसते. किमान एसएमबी २, कमाल एसएमबी ३ असं ठेवा, पेटीचं सॉफ्टवेअर अद्ययावत करा. खरी अडचण तारापूर एमआयडीसीत दिसते. लाखो रुपयांचं कोरणारं किंवा कापणारं मशीन विंडोज एक्सपीवर चालतं, त्याला जुनीच बोली येते, आणि एक्सपीला तर मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ लाच रामराम ठोकला. मशीन फेकणार कसं? फेकू नका. त्याला ऑफिसच्या नेटवर्कवरून तोडा. फाइल पेनड्राइव्हने न्या, किंवा मशीनसाठी इंटरनेट नसलेलं वेगळं छोटं जाळं ठेवा. एका जुन्या यंत्रासाठी घरातल्या सगळ्या नव्या संगणकांना जुनी बोली शिकवायची नाही.

आता लाईट. अणुऊर्जेची वीज १९६९ पासून तारापूरला तयार होते आणि पहिल्या पावसाला आमच्याकडे अंधार होतो, हा विनोद आता आम्हीही करत नाही. पण लाईट गेल्यावर येणारी लॉगिनची दुखणी खरी आहेत. राउटर परत उठतो तेव्हा सगळ्यांना पत्ते नव्याने वाटू शकतो. काकांकडे आणखी एकदा असंच झालं. पेटीचा जुना पत्ता मुलीच्या लॅपटॉपला मिळाला. काका मॅप केलेल्या ड्राइव्हवर क्लिक करत होते आणि पासवर्ड मागत होता मुलीचा लॅपटॉप! चौकट तशीच, दार भलतंच. यावर उपाय राउटरच्या सेटिंगमध्ये आहे. डीएचसीपी रिझर्व्हेशन किंवा ॲड्रेस रिझर्व्हेशन शोधा आणि पेटीला एक पत्ता कायमचा राखून द्या. लोकलमध्ये राखीव डबा असतो तसा.

दुसरं, घड्याळ. जुन्या पीसीतला सीआर २०३२ चा सेल संपला असेल तर लाईट गेल्यावर तो संगणक दहा-पंधरा वर्षं मागे जातो. घरच्या पेटीला याने क्वचितच फरक पडतो, पण कंपनीच्या डोमेनवरचा, म्हणजे सगळी खाती एका मध्यवर्ती सर्व्हरवर असलेला, संगणक असेल तर तिथली ओळखपद्धत साधारण पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक खपवून घेत नाही. खालच्या कोपऱ्यातली वेळ बघायला एक सेकंद लागतो आणि आम्ही लोक ती सर्वांत शेवटी बघतो, मीसुद्धा.

तिसरं म्हणजे कुलूपबंदी. चुकीचे प्रयत्न फार झाले की पेट्या तुमचा पत्ताच अडवून ठेवतात. विंडोज ११ चं स्थानिक खातंही नव्या बसवणीत दहा चुकांनंतर दहा मिनिटं बंद होतं. मग बरोबर पासवर्ड टाकला तरी नकार येतो आणि माणूस वेडा व्हायची वेळ येते. प्रयत्न तुम्हीच करता असंही नाही. वहीतला जुना पासवर्ड घेऊन मोबाईलचं ॲप दर मिनिटाला दार वाजवत असतं. थांबा, चहा प्या, पेटीच्या पानावर 'ब्लॉक लिस्ट' बघा.

मराठी लोकांपुरतं एक दुखणं वेगळं आहे. खाली उजवीकडे 'मरा' दिसतंय का 'इएनजी'? टायपिंग मराठीत चालू असताना पासवर्डाची चौकट आली की काळे ठिपके दोन्हींत सारखेच दिसतात. पालघरच्या एका शाळेत निकालाचं फोल्डर तीन दिवस 'बंद' होतं ते यामुळे. शंका आली तर पासवर्ड आधी नोटपॅडमध्ये लिहून बघा. मग पुसा, हेही सांगायला हवं.

मॅक असेल तर फाइंडरमध्ये कमांड आणि के दाबून एसएमबी, कोलन, दोन सरळ तिरप्या रेषा आणि पत्ता लिहा. जुना पासवर्ड 'कीचेन'मध्ये लपलेला असतो, तिथून काढा.

घरून कारखान्याचा सर्व्हर उघडणाऱ्यांची गोष्ट जरा वेगळी. पाळी संपवून डहाणू लोकलने घरी जाणारे, रविवारी घरून रिपोर्ट भरणारे बरेच आहेत. तुमचा स्वतःचा लॅपटॉप विंडोज होमचा असेल तर तो कंपनीच्या डोमेनमध्ये सामील होऊ शकत नाही, पण फोल्डर उघडायला त्याची गरजही नसते. व्हीपीएन जोडा आणि युजरनेमच्या जागी कंपनीचं डोमेन, उलटी तिरपी रेषा, तुमचं खातं असं लिहा. तेच सूत्र, फक्त पेटीच्या जागी डोमेन. लॅपटॉप कंपनीनेच दिलेला असेल आणि पासवर्ड तुम्ही ऑफिसच्या संगणकावर बदलला असेल, तर घरातला लॅपटॉप जुन्याच पासवर्डाने उघडत राहतो, कारण त्याला बदल कळलेला नसतो. सर्व्हरला मात्र नवा हवा असतो. व्हीपीएन जोडून विंडोजचं बटण आणि एल दाबा, स्क्रीन लॉक होईल, ती नव्या पासवर्डाने उघडा. दोघांचं जुळतं.

आणि व्हीपीएन नको म्हणून राउटरमध्ये एसएमबीचं ४४५ क्रमांकाचं दार बाहेरच्या जगाला उघडायची कल्पना कोणाच्या डोक्यात आली, तर ती तिथेच राहू द्या. पेटीचं सेटिंगचं पानही बाहेर उघडं ठेवू नका. जानेवारी २०२२ मध्ये इंटरनेटला उघड्या असलेल्या क्यूनॅप कंपनीच्या पेट्यांत डेडबोल्ट नावाचा व्हायरस शिरला आणि फायली कुलूपबंद करून खंडणी मागू लागला. काही लोकांचे घरचे लग्नाचे फोटोही त्यात गेले.

काकांच्या पेटीखाली आता एक पट्टी चिकटवलेली आहे: पेटीचं नाव, पत्ता, खात्याचं नाव. पासवर्ड नाही, तो देवघरातल्या वहीत आहे आणि काकूंना माहीत आहे. गेल्या महिन्यात परत फोन आला, "अहो, तो परत विचारायला लागला." मी म्हटलं, "कोणाच्या नावाने जातोय?" पलीकडे जरा वेळ खडखड ऐकू आली, मग काका म्हणाले, "थांबा, जावई आला होता, त्याने लॅपटॉप घेतला होता. ठेवा फोन."